कमिटीवर बाई असते तेव्हा

(आपल्या गटाच्या वार्षिक मेळाव्यात झालेलं हे भाषण. वक्त्या १९७९ पासून इंग्लंडमध्ये राहतात. तिथल्या एका कॉलेजच्या नियामक मंडळावर त्यांनी आठ वर्षं काम केलं. त्यांच्या इच्छेनुसार शहराचं आणि कॉलेजचं नाव दिलेलं नाही.)

तुम्ही मला 'परदेशातली स्त्री-चळवळ' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. तो विषय माझ्या आवाक्यातला नाही. मी आयुष्यभर हिशेब लिहायचं काम केलं, त्यामुळे जमाखर्चात जेवढं बसतं तेवढंच मला नीट सांगता येतं. म्हणून मी एकाच कामाबद्दल बोलणार आहे. २००८ ते २०१६ अशी आठ वर्षं मी एका कॉलेजची बिनपगारी गव्हर्नर होते. त्या काळात कॉलेजचं पाळणाघर बंद झालं. ते बंद करण्याच्या ठरावाला ज्यांनी हात वर केले, त्यांत माझाही हात होता. ही हकीगत मी आजवर मोकळेपणाने कुठे सांगितलेली नाही.

आधी गव्हर्नर या शब्दाबद्दल. मी फोनवर सासूबाईंना ही बातमी सांगितली, तेव्हा त्यांनी गल्लीभर सांगितलं की आमची सून राज्यपाल झाली. तसं काही नव्हतं. तिथे शाळा-कॉलेजच्या नियामक मंडळाच्या सभासदाला गव्हर्नर म्हणतात. मानधन नाही, फार तर बसभाडं मिळतं. नेमणूक साधारण चार वर्षांची, मग पुन्हा एकदा. मी अशा दोन मुदती केल्या.

आणि कॉलेज म्हणजे पदवीचं कॉलेज नव्हे. तिथे त्याला 'फर्दर एज्युकेशन'चं कॉलेज म्हणतात. आपल्याकडची आयटीआय, ज्युनियर कॉलेज आणि रात्रशाळा एका छपराखाली आणली तर जे होईल, तसं काहीसं. सोळा वर्षांनंतरची मुलं-मुली तिथे नळकाम, वायरमनचं काम, केशकर्तन, बालसंगोपन, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा असले विषय शिकतात. दहावीच्या तोडीच्या गणित-इंग्रजीच्या परीक्षेला पुन्हा बसतात. आणि मोठी माणसंही येतात. त्यांत ज्यांची भाषा इंग्रजी नाही, अशांसाठी इंग्रजीचे वर्ग असतात. आमच्याकडे त्या वर्गांत बहुतेक बायकाच होत्या. पंजाबी, गुजराती, बांगलादेशी, सोमाली, आणि दोन-तीन आपल्या मराठीही.

मी स्वतः त्याच कॉलेजात शिकले. इकडची बी. ए. घेऊन गेले होते, पण तिकडे तिला कुणी विचारलं नाही. सहा वर्षं कारखान्यात मोजे पॅक केले. १९८६ साली आठवड्यातून दोन सकाळी हिशेबलेखनाचा वर्ग लावला. तो लावता आला, कारण कॉलेजच्या आवारात पाळणाघर होतं. मुलगी दोन वर्षांची होती. तिला तिथे सोडायचं, जिना चढून वर वर्गात जायचं, मधल्या सुट्टीत खिडकीतून डोकावून यायचं. त्या वर्गाच्या जोरावर मला एका सल्ला केंद्रात हिशेबाची नोकरी मिळाली. माझ्या हातात स्वतःचा पगार आला, तो त्या पाळणाघरामुळे आला, असं मी आजही म्हणते.

खुर्ची कशी मिळाली

२००८ मध्ये स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात आली, की कॉलेजला गव्हर्नर हवेत, अर्थव्यवहार समजणाऱ्यांना प्राधान्य. आमच्या बायकांच्या गटात चर्चा झाली. एकीचं म्हणणं होतं की अशा कमिट्यांवर जाऊन आपण शोभेच्या बाहुल्या होतो. दुसरी म्हणाली, आपण दाराबाहेर फलक घेऊन उभ्या राहतो तेव्हा आत काय चाललंय ते कळत तरी नाही. शेवटी गटानेच मला अर्ज भरायला लावला. मुलाखत झाली, पोलिसांकडून चारित्र्याची तपासणी झाली, आणि माझी नेमणूक झाली.

या खुर्चीला अधिकार किती असतो ते सांगते. १९९२ साली एक कायदा झाला आणि १ एप्रिल १९९३ पासून इंग्लंडमधली ही कॉलेजं स्थानिक सरकारच्या हातून काढून स्वतंत्र संस्था केली गेली. तेव्हापासून कॉलेजचं अंदाजपत्रक मंजूर करणं, प्राचार्यांची नेमणूक करणं आणि वेळ आल्यास त्यांना काढणं, कॉलेज दिवाळखोरीत जाणार नाही हे पाहणं, ही कामं नियामक मंडळाची झाली. म्हणजे संध्याकाळी ऑफिसातून थकून आलेली वीसेक माणसं कोट्यवधी पौंडांच्या कारभाराला जबाबदार. त्याच महिन्यात, २४ एप्रिल १९९३ रोजी, आपल्याकडे त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामपंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. पण नव्या बाईला खुर्ची मिळते तेव्हा काय होतं, याचे आपले अनुभव पुष्कळ जुळतात.

पहिल्या सभेला आम्ही अठराजण होतो. बायका पाच, आणि गोरी नसलेली मी एकटी. पुरुष बहुतेक बँकेतले, बिल्डर, कारखानदार. कागदपत्रं सात दिवस आधी घरी यायची, दीड-दोनशे पानं. मला हिशेब वाचता येत होते, तरी पहिलं वर्ष मी तोंड उघडलं नाही. सगळे अक्षरांच्या जुडग्यांत बोलायचे, हा निधी, ती यंत्रणा. आपल्याला कळत नाही हे कळू नये म्हणून मी मान डोलवायची. गावच्या पंचायतीत पहिल्यांदा गेलेली बाई पदर सावरत गप्प बसते, तशीच मी इंग्रजीत गप्प बसले होते.

ती गप्प राहायची सवय मोडली एका अठरा वर्षांच्या मुलीने. मंडळावर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात. ही बालसंगोपनाचा कोर्स करत होती. २००९ ची गोष्ट. नव्या इमारतींसाठी पैसे देऊ असं सरकारी यंत्रणेने कॉलेजांना सांगितलं होतं, आणि मग पैसेच संपले. देशातल्या शंभराहून जास्त कॉलेजांच्या योजना अडकल्या. आमच्या सभेत तासभर त्यावर भारी भारी शब्दांत चर्चा चालली होती. तिने हात वर केला आणि विचारलं, "म्हणजे पैसे नाहीयेत, असंच ना?" सगळे हसले. पण मला धडा मिळाला. साधा प्रश्न विचारायला लाज वाटता कामा नये. बहुतेक वेळा तो प्रश्न अर्ध्या सभेच्या मनात असतो.

पाळणाघर

आता मूळ गोष्टीकडे येते. इंग्लंडमध्ये २००१ पासून मोठ्या माणसांचे इंग्रजीचे वर्ग मोफत होते. २००७ मध्ये ती सरसकट सवलत गेली, फक्त गरिबीचे सरकारी भत्ते मिळणाऱ्यांना राहिली. नोव्हेंबर २०१० मध्ये सरकारने जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून नोकरी शोधण्याच्या अटीवर जे भत्ते मिळतात, तेवढ्यांनाच वर्ग मोफत. वरवर पाहिलं तर यात बाई-पुरुष असा भेद कुठेच नाही. पण नीट पाहा. अशा घरात भत्ता पुष्कळदा नवऱ्याच्या नावावर, किंवा नवरा तुटपुंज्या पगारावर कामाला आणि बायको घरी. म्हणजे त्या अटीत न बसणारी कोण? बाई! २०११ च्या मार्चमध्ये शिक्षक आणि विद्यार्थिनींनी देशभर निदर्शनं केली. आमच्या कॉलेजच्या फाटकाशीही बायका बाबागाड्या घेऊन उभ्या राहिल्या.

त्याच महिन्यात आमच्या सभेचे कागद आले. अंदाजपत्रकाच्या एका परिशिष्टात एक ओळ होती, की 'मूळ कामाशी संबंधित नसलेल्या सुविधांची फेररचना'. पुढे बचतीचा आकडा. मी तो आकडा जुन्या हिशेबाशी ताडून पाहिला. तो बरोबर पाळणाघराच्या वर्षाच्या तुटीएवढा होता. म्हणजे फेररचना नव्हे, ते पाळणाघर बंद करणार होते. सांगायचा मुद्दा असा की बायकांच्या सोयी बंद करताना त्यांचं नाव कुणी घेत नाही. त्या कुठल्या तरी परिशिष्टात निनावी जातात.

सभेत मी विचारलं, ही ओळ म्हणजे पाळणाघर का? अध्यक्ष म्हणाले, हो. मी विचारलं, ते वापरणाऱ्या बायका किती, कुठल्या वर्गाच्या, पाळणाघर नसेल तर त्यातल्या किती येऊ शकतील? कुणाकडेच आकडा नव्हता. शंभर पानांत वर्गखोलीच्या दर चौरस मीटरचा खर्च होता, पण मूल घेऊन येणाऱ्या बाईची मोजदाद नव्हती. नशिबाने २०१० चा समानता कायदा हाताशी होता. सार्वजनिक संस्थांनी निर्णय घेताना त्याचा स्त्रियांवर आणि अल्पसंख्याकांवर काय परिणाम होईल याचा विचार केलाच पाहिजे, असं त्यातल्या १४९ व्या कलमात आहे. ते कलम ५ एप्रिल २०११ पासून लागू होणार होतं. मी ते वाचून दाखवलं. शिक्षकांची प्रतिनिधी असलेल्या एका बाईंनी दुजोरा दिला. निर्णय जुलैच्या सभेपर्यंत पुढे गेला. त्या रात्री मी घरी जाताना अगदी खुशीत होते.

पण जुलैपर्यंतचे चार महिने माझ्यासाठी फार वाईट गेले. हे कागद गोपनीय होते. नोकऱ्यांचा प्रश्न असल्यामुळे बाहेर बोलायला मनाई होती. आमच्या गटातल्या दोघीजणी त्याच इंग्रजीच्या वर्गात शिकवायच्या. दर आठवड्याला भेटायच्या आणि विचारायच्या, "काय गं, आत काय चाललंय?" मी म्हणायची, "बघू." मला ते 'बघू' अजून आठवतं. आयुष्यभर ज्यांच्याकडून आपण ते ऐकत आलो, त्यांच्यासारखीच मी बोलत होते.

आकडे आले. तूट खरी होती, ती काही कुणी कुभांड म्हणून रचली नव्हती. कॉलेज खड्ड्यात गेलं तर सगळेच वर्ग जाणार, हेही खरं होतं. मग मी एक मधला मार्ग काढला. पाळणाघर बंद करा, पण त्यातली काही रक्कम बाजूला काढून निधी करा. बायकांनी आपल्या घराजवळच्या नोंदणीकृत सांभाळणाऱ्या बाईकडे मूल ठेवावं आणि पैसे कॉलेजने द्यावेत. कागदावर हिशेब चोख बसला. प्राचार्यांना आवडला, अध्यक्षांनी माझं कौतुक केलं. जुलैमध्ये ठराव आला आणि मी हात वर केला. शिक्षकांच्या प्रतिनिधी बाईंनी मात्र केला नाही. त्यांनी विरोध नोंदवायला लावला.

पुढे काय झालं ते ऐका. ऑगस्टमध्ये सरकारने थोडी माघार घेतली. इतर भत्ते घेणाऱ्या आणि काम शोधू इच्छिणाऱ्या माणसांनाही मोफत प्रवेश द्यायची मुभा कॉलेजांना मिळाली. सप्टेंबरच्या सभेत मी आग्रह धरला आणि आमच्या कॉलेजने ती मुभा वापरली. वर्ग पुन्हा मोफत झाले, जागा होत्या. पण खाली पाळणाघराच्या जागी केशकर्तनाच्या खुर्च्या बसवायचं काम सुरू झालं होतं. वर्ग फुकट, शिक्षिका हजर, आणि कडेवर मूल घेतलेली बाई दारातून परत.

वर्षाअखेर मी माहिती मागितली. पाळणाघर वापरणाऱ्यांपैकी निम्म्याही बायका परत आल्या नव्हत्या, आणि निधीला जवळपास कुणी हात लावला नव्हता. का, ते विचारायला मी स्वतः त्यांच्याकडे गेले. एक सोमाली बाई म्हणाली, "तो अर्ज इंग्रजीत आहे. मला इंग्रजी आलं असतं तर मी वर्गाला कशाला आले असते?" दुसरी म्हणाली, परक्या बाईच्या घरी मूल ठेवायला नवरा, सासू कुणीच तयार नाही. कॉलेजचं पाळणाघर चालायचं, कारण आई त्याच इमारतीत असायची. तिसरी काही बोललीच नाही. ती आमच्या गटातल्या एका मैत्रिणीची शेजारीण होती. मैत्रीण मात्र बोलली. म्हणाली, "तुझी मुलगी तिथे वाढली. तुला हे माहीत नव्हतं?"

माहीत होतं. खिडकीतून डोकावणारी मीच होते. पण अडीच वर्षं हिशेबाच्या बाजूने टेबलाला बसल्यावर मला ती खिडकी दिसेनाशी झाली होती.

काय चुकलं

मैत्रिणींनो, मी बरीच वर्षं स्वतःला समजावत होते की गोपनीयतेमुळे मी बांधलेली होते. ते पूर्ण खरं नाही. कागद दाखवायला मला बंदी होती. बायकांना विचारायला बंदी नव्हती. "तुम्ही मूल कुठे ठेवता, का ठेवता, दुसरीकडे ठेवाल का?" एवढं विचारायला कुठलाही गोपनीय कागद उघडावा लागत नव्हता. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं, मला ठाऊक आहे. बायकांच्या वतीने बोलणाऱ्या आपल्यासारख्यांचा हा जुना आजार आहे.

राजीनामा द्यावा असं वाटलं होतं. शिक्षकांच्या प्रतिनिधी बाई म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर अर्ज भाषांतरित करून घ्यायला इथे कोण बसणार?" मी राहिले. अर्ज पाच भाषांत झाला, तो भरायला मदतनीस बसली. दर वर्षीच्या अहवालात लहान मूल असलेल्या विद्यार्थिनींचा रकाना आला. सभा संध्याकाळी सहाऐवजी अधूनमधून सकाळी होऊ लागल्या, तेव्हा आणखी दोन आया मंडळावर येऊ शकल्या. पाळणाघर परत आलं नाही.

आणि एक विरोधाभास सांगते. जुलै २०१५ मध्ये सरकारने इंग्रजीच्या वर्गांचा सुमारे साडेचार कोटी पौंडांचा एक निधी काढून घेतला. जानेवारी २०१६ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी भाषण केलं की मुसलमान बायका इंग्रजी शिकत नाहीत, आणि दोन कोटी पौंड जाहीर केले. आधी जिना काढून घ्यायचा, मग बाई वर का येत नाही म्हणून तिलाच दोष द्यायचा! त्या वर्षी माझी मुदत संपली. तेव्हा कॉलेजांच्या विलीनीकरणाचे वारे वाहत होते. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये ही कॉलेजं पुन्हा सार्वजनिक क्षेत्रात धरली जाऊ लागली. यंत्रणा बदलत राहतात, खुर्च्या मात्र तिथेच असतात.

तुमच्यासाठी

तुम्ही म्हणाल, या परदेशी कॉलेजचं आम्हाला काय? इथे येऊन मी तुमची कामं पाहिली, म्हणून विचारते. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. आपल्या वस्तीतल्या शाळेच्या समितीतल्या बायकांची नावं तुम्हाला माहीत आहेत का, की सह्या घरी जाऊन घेतल्या जातात? सरकारी आयटीआयच्या सुधारणेसाठी २००७-०८ पासून केंद्राने उद्योजकांच्या अध्यक्षतेखाली व्यवस्थापन समित्या केल्या आणि प्रत्येकीला अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं. तुमच्या तालुक्यातल्या त्या समितीवर किती बायका होत्या? मुलींच्या वसतिगृहाचा, संडासांचा प्रश्न तिथे कुणी काढला? आणि २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समित्यांवर तुमच्यापैकी कितीतरीजणी बाहेरच्या सदस्य म्हणून बसता. तिथेही गोपनीयता आहे, तिथेही चहा चांगला मिळतो, आणि तिथेही हळूहळू आपल्याला व्यवस्थापनाची अडचण आधी समजायला लागते आणि तक्रार करणारीची नंतर.

म्हणून माझ्या चुकीतून आलेल्या चार गोष्टी सांगते. एक, एकटीने जाऊ नका. दुसरी बाई सोबत असेल तर प्रश्नाला दुजोरा मिळतो, आणि आपण वाहवत गेलो तर कुणीतरी हात धरतं. दोन, आकडा मागा, आणि तो बाई-पुरुष असा वेगळा करून मागा. मोजलं जात नाही ते सहज बंद करता येतं. तीन, विरोध असेल तर तो इतिवृत्तात लिहायला लावा. ठराव हरला तरी नोंद राहते. शिक्षकांच्या त्या बाईंची नोंद आजही त्या कागदात आहे. माझी नाही. आणि चार, ज्यांच्यासाठी गेलो त्यांच्याकडे दर महिन्याला जाऊन बसा. कागद दाखवू नका, पण विचारा.

आपल्या गटात अजूनही वाद होतो, की आत जायचं की बाहेर राहायचं. फाटकाशी उभ्या राहिलेल्या बायकांमुळे सरकारला माघार घ्यावी लागली, असं मी मानते. आणि आत कुणी होतं म्हणून ती माघार आमच्या कॉलेजात वापरली गेली. दोन्ही लागतं. माझं चुकलं ते आत गेले म्हणून नाही. आत गेल्यावर फाटकाकडे पाठ फिरवून बसले म्हणून.

माझी ती मुलगी आज चाळिशीत आहे. गेल्या वर्षी तिने मला विचारलं, आमच्या गावातल्या शाळेला गव्हर्नर हवेत, जाऊ का? मी म्हटलं, जरूर जा. पण आधी फाटकाशी उभ्या असलेल्या आयांना भेटून ये.